पाणी मिठाला जागतं

मेक्सिको शहरात, कोपिल्कोला,
खिडकी नसलेल्या तळघरातल्या खोलीत
कासिल्दा ओकांपो तबकडीवरच्या द्रावणातलं मीठ
निम्म्यावर आणते.
पेशींना आगाऊ सूचना नसते.

उंदराच्या मेंदूतल्या या तारकापेशी.
विचार करणाऱ्या नव्हेत;
विचार करणाऱ्यांच्या शेजारी राहून
त्यांचं सांडलेलं आवरणाऱ्या.
भिंगाखाली एकीचा हात लांब, एकीचा आखूड,
एकीचा तर शेजारणीखाली दबलेला.

पहिल्याच मिनिटाला पाणी आत येतं.
दार त्याचंच, ते विचारत नाही.
काठ ताणतात, हात जाडावतात,
तिसऱ्या मिनिटाला पेशी दिसते
गालात हसू दाबून बसलेल्या पोरासारखी.
किंवा रडू.
इथून सांगता येत नाही.

या शहराच्या पोटात तळं होतं.
माणसांनी ते उपसलं, वर देवळं बांधली,
आता देवळांच्या पायऱ्या दरवर्षी थोड्या खचतात.
उपसायला कुणालाही येतं.
थांबायचं कुठे, हे कासिल्दाला अजून
कोणत्या पुस्तकात नीटसं सापडलेलं नाही.

ऑगस्टमधल्या मॅरेथॉनला रेमिहियोने, तिच्या भावाने,
उन्हाच्या धास्तीने
प्रत्येक टेबलावरचा ग्लास रिकामा केला.
अडतिसाव्या किलोमीटरला बूट काढला
आणि त्यात पाण्याची बाटली
नीट, उभी, ठेवायला लागला.
तिला त्याने दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली.

डॉक्टर उइत्रोन पाणी हा शब्द बोलल्याच नाहीत.
सोडियम एकशे अठरा, म्हणाल्या.
तीन टक्क्यांचं मीठ, शंभर मिलिलिटर, दहा मिनिटांत.
कवटीला ऐसपैस होता येत नाही, हे त्या
बोलल्या नाहीत, कासिल्दाला माहीत होतं.
तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं
आणि सवयीने मिनिटं मोजायला लागली.

कारण पाणी ढकलून बाहेर काढेल
असा हात कुठल्याच पेशीला नसतो.
फुगलेली पेशी एवढंच करते:
दारं उघडते आणि स्वतःचं देऊन टाकते.
पोटॅशियम. क्लोराइड.
आणि टॉरिन, बैलाच्या पित्तात पहिल्यांदा सापडलं
म्हणून बैलाचं नाव लागलेलं,
अडीनडीला घरात साठवून ठेवावं तसं साठवलेलं.
ते उंबरा ओलांडतं,
आणि पाणी, जे कुणाचं ऐकत नव्हतं,
निमूट त्याच्या मागोमाग निघतं.
खाल्ल्या मिठाला जागतं पाणी.
माणसांबद्दल ती तशी खात्री देत नाही.

पहाटे रेमिहियोने विचारलं, माझा दुसरा बूट कुठंय?
पुढे घरी कुणी तो दिवस काढला की
तो टीव्हीचा आवाज वाढवतो.
कासिल्दाही काढत नाही.

विसाव्या मिनिटाला पेशी ओसरते.
पूर्वीइतकी नाही; चार-पाच टक्के जास्तच राहते,
आलेखात ती रेघ मूळ रेषेला टेकत नाही.
सुरुवातीला कासिल्दाला ती चूक वाटायची, तिची स्वतःची.
पुन्हा तबकडी, पुन्हा मीठ निम्मं. पुन्हा चार-पाच टक्के.

संध्याकाळी रस्त्यावर रताळीवाल्याची गाडी येते,
भट्टीची वाफ कोंडली की शिट्टी सोडते,
लांब, घोगरी, तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल अशी.
तळघरात ती पोचत नाही.
तिथे कासिल्दा कुप्यांवर आकडे लिहितेय,
दर मिनिटाला पेशींवरून वाहून आलेल्या पाण्याची एकेक कुपी,
दिसायला सगळ्या सारख्याच, पाण्यासारख्या.
सातवीत टॉरिन सर्वांत जास्त असणार.
ती सातवी उजेडाकडे धरते.
काही दिसत नाही.
झाकण पुन्हा एकदा आवळून
ती बर्फात उभी करून ठेवते.